परकराची नाडी

जानेवारी २०१८. ऑपरेशनला दोन दिवस होते. स्टोमा नर्सने मला आधी उभं केलं, मग खुर्चीत बसवलं, मग पुढे वाकायला सांगितलं. प्रत्येक वेळी पोटाला वळी कुठे पडते ते ती बघत होती. "पँट कुठे येते तुमची?" तिने विचारलं. मी त्या दिवशी ट्राउझर घालून गेले होते. इथल्या थंडीत दुसरं काय घालणार? मी बोट ठेवलं. तिने बेंबीच्या उजवीकडे काळ्या पेनाने एक टिंब काढलं, त्यावर पारदर्शक पट्टी चिकटवली आणि म्हणाली, "आंघोळीत चोळू नका हं."

गुदाशयातली गाठ काढल्यावर आतली शिवण भरून यायला वेळ लागतो. तोवर लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर आणतात आणि त्याला पिशवी लावतात. ते तोंड, म्हणजे स्टोमा, त्या टिंबावर येणार होतं.

मार्चमध्ये पाडवा आला. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. डॉलिस हिलच्या त्याच्या वास्तूत पाडव्याला आम्ही जमतो. दोन महिने घरात काढल्यावर मला त्या दिवशी साडी नेसायचीच होती. परकर घातला, नाडी बांधली आणि ती नेमकी पिशवीच्या मधून गेली. नाडी सैल सोडावी तर निऱ्या सुटतात. घट्ट बांधावी तर पिशवीत वर आलेलं खाली उतरत नाही, तिथेच साचतं आणि कडेने गळू लागतं. वर बांधून पाहिली, खाली बांधून पाहिली. शेवटी लांब कुर्ता आणि इलॅस्टिकची लेगिंग घालून गेले. "अगं, आज साडी नाही?" असं पाच जणींनी तरी विचारलं. थंडी वाजते म्हणाले.

टिंब काढणाऱ्या नर्सचा यात काही दोष नव्हता. तिने मला पँटबद्दल विचारलं, मी पँटबद्दल सांगितलं. त्या खोलीत परकर ठाऊक असलेली एकच बाई होती, आणि तिने तोंड उघडलं नाही.

मी वाईची. आमच्याकडे दुखणं अंगावर काढायची पद्धत आहे, आणि दुखणं खालच्या जागेचं असेल तर विचारूच नका. फेब्रुवारी २०१७पासून रक्त जात होतं. मूळव्याध असेल म्हणून इसबगोल घेतलं, त्रिफळा घेतला, गरम पाण्यात बसले. कौन्सिलच्या लायब्ररीत नोकरीला होते. वैद्यकाच्या कपाटाशेजारून दिवसात दहादा जायचे, पण त्यातलं एकही पुस्तक हातात घेतलं नाही. इथे आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीची पेटी सरकार टपालाने घरी पाठवतं. घरीच शौचाचा नमुना घ्यायचा आणि पाकिटातून परत पाठवायचा. पण तेव्हा ती साठी उलटल्यावर यायची. मी होते ५४ वर्षांची. आता वयाची अट पन्नाशीवर आणली आहे. जुलैमध्ये जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले. पुढचं सगळं भराभर झालं: दोन आठवड्यांच्या आत दुर्बिणीची तपासणी, मग स्कॅन, मग ती भेट.

टेबलावर टिश्यूचा डबा आधीपासून मांडून ठेवलेला होता. त्यावरूनच मी ओळखलं.

आमच्या एका काकांना १९८९ साली टाटाला नेलं होतं. "टाटाला नेलं" एवढं म्हटलं की आमच्या पिढीला पुढचं सांगावं लागत नाही. काकांची फाईल चुलतभावाच्या काखेत असायची. एक्स-रे, रिपोर्ट, पावत्या, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. परळच्या त्या फुटपाथवर प्रत्येक कुटुंबाच्या हातात तशीच पिशवी दिसायची. म्हणजे कागद घरच्यांच्या ताब्यात, पण काकांना मात्र शेवटपर्यंत अल्सर आहे असंच सांगितलं. इथे नेमकं उलट. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बघून कॅन्सर हा शब्द उच्चारला, गाठ किती सेंटिमीटरची ते सांगितलं, चित्र काढून दाखवलं. लपवाछपवी काहीच नाही. पण फाईल त्यांच्याकडे. "तुमच्या केसवर गुरुवारी बैठकीत चर्चा होईल," असं मला सांगितलं. सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, केमोचे डॉक्टर, नर्स, सगळे दर आठवड्याला एकत्र बसून एकेका रुग्णाचं ठरवतात. १९९५च्या कॅलमन-हाइन अहवालानंतर इथे ही पद्धत रुजली. पद्धत चांगलीच आहे. एकाच डॉक्टरच्या लहरीवर सगळं सोडण्यापेक्षा कितीतरी बरी. पण गुरुवारभर मला आमच्याकडच्या लग्नाच्या बैठका आठवत होत्या. बाहेर याद्या होताहेत आणि जिचं लग्न आहे ती आत पोहे करते आहे.

शुक्रवारी निर्णय कळला. आधी २५ वेळा रेडिएशन, सोबत केमोच्या गोळ्या, मग काही आठवडे थांबून ऑपरेशन. नंतर पत्राची प्रत आली. सर्जनने माझ्या जीपीला, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांना, लिहिलेलं ते पत्र होतं आणि त्यात मी होते 'ही ५४ वर्षांची सुस्वभावी महिला'. नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "यांनी नीट तपासलेलं दिसत नाही." कितीतरी दिवसांनी दोघं हसलो. पुढे 'रुग्ण वजन घटल्याची तक्रार करते', 'रुग्ण उलट्या नाकारते'. मी कशाला तक्रार करू? त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. २०१८ साली इथल्या वैद्यकीय रॉयल कॉलेजांच्या अकादमीने डॉक्टरांना सुचवलं की बाह्यरुग्ण विभागातलं पत्र थेट रुग्णालाच लिहा, त्याला कळेल अशा भाषेत, आणि प्रत जीपीला पाठवा. त्यानंतरच्या काही वर्षांतली माझी पत्रं 'तुम्ही' असं म्हणत येऊ लागली. 'सुस्वभावी' ही पदवी मात्र गेली.

इंग्लंडमध्ये २०१०पासून कॅन्सरच्या रुग्णांची एक राष्ट्रीय पाहणी होते. मलाही ती जाडजूड प्रश्नावली आली. समजेल अशा शब्दांत सांगितलं का? तुमच्या निर्णयात तुम्हाला हवा तेवढा वाटा मिळाला का? मी चहा घेऊन बसले आणि बहुतेक सगळीकडे 'हो, नक्कीच'वर खूण केली. वॉर्डातल्या एका नर्सने रात्री तीन वाजता माझी चादर बदलली होती, हसतमुखाने. तिच्या हॉस्पिटलला कमी गुण कसे देणार? शिवाय फुकटात झालं होतं. फुकटच्या जेवणात मीठ कमी आहे म्हणायचं नाही, हे संस्कार. तेव्हा त्या वर्षीच्या आकड्यांत एक खोटं उत्तर माझं आहे.

२०१९च्या सुरुवातीला हॉस्पिटलच्या कॅन्सर विभागाच्या 'रुग्ण भागीदारी गटा'त येण्याचं निमंत्रण आलं. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. लंडनच्या वायव्येला आहे एवढं पुरे. पिशवी तेव्हा काढून झाली होती, ऑक्टोबरमध्ये आतडं परत जोडलं होतं. पण जोडलेलं आतडं काही लगेच पूर्वीसारखं वागत नाही. बैठक दोन तासांची होती. मी दाराजवळची, टॉयलेटला जवळची खुर्ची धरली. पाहिलं तर आणखी दोघं त्याच खुर्चीवर डोळा ठेवून होते. ओळख तिथेच झाली.

पहिल्या तीन बैठकांत काय झालं? नव्या माहितीपत्रकाचं मुखपृष्ठ निळं असावं की जांभळं, हे आम्हाला विचारलं. आतला मजकूर छापायला गेला होता. आद्याक्षरांचा पाऊस पडत होता. दर दोन मिनिटांनी कुणीतरी तीन अक्षरं फेकायचं आणि आम्ही समजल्यासारखी मान हलवायचो. एकदा एका व्यवस्थापक बाईंनी माझ्याकडे वळून फार आदराने विचारलं, "दक्षिण आशियाई समाजाला याबद्दल काय वाटतं?" मी म्हटलं, मी वाईची आहे. सिल्हेटच्या बायकांना काय वाटतं ते मला कसं ठाऊक असणार? त्यांना बोलवा ना. मिनिटभर कुणी बोललं नाही. मग बिस्किटांची बशी फिरली.

गटात एक निवृत्त बसचालक होते, घशाच्या कॅन्सरमधून उठलेले. बोलताना त्यांचा आवाज घासायचा, म्हणून ते थोडंच बोलत. चौथ्या बैठकीत ते म्हणाले, "तुम्ही आम्हाला चव बघायला बोलावता. स्वयंपाक झाल्यावर." माझ्या लेखी भागीदारी आणि सल्लामसलत यांतला फरक त्यांनी तेव्हाच सांगून टाकला. नंतर मी पुष्कळ अहवाल वाचले, पण याहून नेमकं काही सापडलं नाही.

लायब्ररीतल्या बाईला सवय असते. घरी आले की शोधायला बसायचे. कळलं की हे सगळं रुग्णांनीच भांडून मिळवलेलं आहे. १९८५ साली व्हिकी क्लेमेंट-जोन्स या डॉक्टरबाईंनी, स्वतःला अंडाशयाचा कॅन्सर झालेला असताना, बॅकअप नावाची संस्था काढली. डॉक्टर असूनही रुग्ण झाल्यावर आपल्याला माहिती मिळत नाही, हा त्यांचा अनुभव होता. दोन वर्षांनी त्या गेल्या. मॅगी केसविक जेंक्स यांना आजार उलटल्याचं सांगितलं गेलं आणि मग त्यांना बिनखिडकीच्या कॉरिडॉरमध्ये बसावं लागलं, कारण आतली खोली पुढच्या रुग्णासाठी हवी होती. त्यांनी आपल्या नर्सला, लॉरा ली यांना, सोबत घेऊन एका वेगळ्या जागेचा नकाशा डोक्यात तयार केला: खिडक्या असलेली, स्वयंपाकघराचं टेबल असलेली. १९९५मध्ये त्या वारल्या, १९९६मध्ये पहिलं मॅगीज सेंटर उघडलं. आणि केट ग्रेंजर. वृद्धांच्या आजारांच्या डॉक्टर, स्वतः कॅन्सरच्या रुग्ण. २०१३ साली हॉस्पिटलात पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं की येणारे-जाणारे स्वतःचं नावसुद्धा सांगत नाहीत. त्यांनी एवढंच मागितलं: 'नमस्कार, माझं नाव अमुक' म्हणा. २०१६मध्ये, ३४व्या वर्षी, त्या गेल्या. मला टिंब काढणाऱ्या नर्सच्या छातीवर त्याच वाक्याचा पिवळा बिल्ला होता. मला त्या दिवशी तो नुसता बिल्ला वाटला होता.

सगळ्यात जास्त मी अडकले ल्यूटनच्या गोष्टीत. ल्यूटन अँड डन्स्टेबल हॉस्पिटलात २००५-०६मध्ये डोकं आणि मान यांच्या कॅन्सरच्या रुग्णांबरोबर एक प्रयोग झाला. पॉल बेट आणि ग्लेन रॉबर्ट हे संशोधक त्यामागे होते. रुग्णांना प्रश्नावली दिली नाही, गोष्ट विचारली. पहिल्या दिवसापासून काय काय झालं, कुठे भीती वाटली, कुठे बरं वाटलं. ते चित्रित केलं. दुसरीकडे डॉक्टर-नर्सनाही तसंच विचारलं. मग दोघांना एका खोलीत बसवून फिल्म दाखवली आणि काय बदलायचं ते दोघांनी मिळून ठरवलं, आणि मिळूनच केलं. चेहऱ्यावर ऑपरेशन झालेली, बोलायला त्रास होणारी माणसं होती ती. पुढे लंडनच्या हॉस्पिटलांत स्तनाच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी हेच केलं गेलं आणि २०११मध्ये किंग्ज फंडाने त्याची कृती सगळ्यांसाठी खुली केली.

आमच्या हॉस्पिटलातही एका नव्या नर्सप्रमुख बाईंनी हे मनावर घेतलं. त्याच दरम्यान करोना आला आणि दोन वर्षं सगळं झूमवर गेलं. झूमवरच्या बैठकीबद्दल एकच चांगली गोष्ट सांगते: टॉयलेट स्वतःच्या घरचं असतं.

२०२२च्या उन्हाळ्यात माझं चित्रण झालं. कॅमेऱ्यामागच्या मुलीने फारसं काही विचारलं नाही, नुसती थांबत राहिली. शांतता पडली की आपण भरतो, ती माणसाची खोड आहे. मी रेडिएशनबद्दल बोलले, आईला फोनवर तीन महिने खोटं सांगितलं त्याबद्दल बोलले, आणि मग जेली बेबीजबद्दल. पिशवीतून फार पातळ जायला लागलं की घट्ट करायला मार्शमॅलो किंवा जेली बेबीज असली मिठाई खा, असं इथे सांगतात, आणि त्यांचा उपयोगही होतो. पण त्यात जिलेटिन असतं, जनावरांच्या हाडा-कातड्याचं. मी जन्मात मांस खाल्लेलं नाही. पत्रकात बटाट्याचं भरीत, पांढरा ब्रेड, केळं हेही होतं, पण वॉर्डात गोडीने हातावर ठेवली ती लाल-पिवळी बाहुली. नाही म्हणायची लाज वाटली. रुमालात गुंडाळून ठेवली. मऊ भात चालतो, साबुदाण्याची पेज चालते, हे मी घरी येऊन स्वतःवर प्रयोग करून शोधलं. अंगातलं पाणी फार गेलं तर प्यायला मीठ-ग्लुकोजचं पाणी देतात, त्याचा कागद वाचला तर ती आपली जलसंजीवनी निघाली, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेली. पाडव्याची नाडीसुद्धा मी कॅमेऱ्यासमोरच पहिल्यांदा सांगितली. घरी कुणालाच बोलले नव्हते.

फिल्म दाखवली त्या दिवशी खोलीत आम्ही आठ रुग्ण आणि बारा-तेरा कर्मचारी होतो. माझं टिंब काढणारी नर्स दुसऱ्या रांगेत होती. नाडीचा भाग आला तेव्हा मी तिच्याकडे बघायचं टाळलं. चहाच्या वेळी ती माझ्यापाशी आली. मला वाटलं वाईट वाटलं असेल, रागावली असेल. ती म्हणाली, "मी सतरा वर्षं हे काम करते. परकर मला कुणी दाखवलाच नाही. दाखवाल?"

दाखवायला उशीर झाला, कारण मधे आजी आल्या.

आजी मूळच्या सोलापूरकडच्या, वीस वर्षांपासून इथे आमच्याच भागात मुलाकडे राहणाऱ्या. मी तोवर वॉर्डात आठवड्यातून एकदा स्वयंसेवक म्हणून जात होते, पिशवी असलेल्यांशी बोलायला. नर्स म्हणाली, एक बाई तुमची भाषा बोलतात बहुधा. गेले तर आजी कुशीवर, भिंतीकडे तोंड. मी मराठीत हाक मारली तशा वळल्या. "तू मराठी हायस व्हय? बस पोरी." मग हळू आवाजात, "ही पिशवी कधी काढनार गं?"

त्यांची पिशवी डावीकडे होती. कायमची. कागदावर तसं स्पष्ट होतं, संमतीपत्रावर सही होती. भाषांतर मुलाने केलं होतं. त्याने आईला सांगितलं होतं की साधी गाठ आहे, काढून टाकतील, थोडे दिवस पिशवी राहील. मी मुलाला दोष देऊ शकत नाही. आम्ही काकांना अल्सर सांगितला तेव्हा मीही त्या घरातच होते. पण इथल्या व्यवस्थेने समोर भाषांतरकार बसलेला पाहिला आणि समाधान मानलं. मुलगा दोन्ही बाजूंना वेगवेगळं सांगतो आहे हे ऐकायला त्या खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

मी काय उत्तर दिलं? काहीच नाही. स्वयंसेवकाने असलं काही सांगायचं नसतं, तो नियमच आहे, आणि योग्य आहे. "आजी, तुम्हीच डॉक्टरांना विचारा, मराठी बोलणारा माणूस बोलावून घेऊ या," म्हणाले. "मला सांगायला लाजतंय का त्यो?" त्यांनी विचारलं. मुलाबद्दल. दोन दिवसांनी फोनवर भाषांतरकार आला आणि आजींना कळलं. त्या रडल्या नाहीत, असं नर्सने सांगितलं. म्हणाल्या की देवाला दिवा लावलेला चालतो का ते विचारा. नर्सला प्रश्नच कळेना. तिने मला फोन केला.

सोवळ्या-ओवळ्याचा हा प्रश्न मला स्वतःला पडला नव्हता असं नाही. मी पहिले दोन महिने देवघराला हात लावला नव्हता. नवरा गुपचूप दिवा लावायचा. मग एका संध्याकाळी तो कामावरून उशिरा आला आणि अंधार पडला, म्हणून मी लावला. काही झालं नाही. मी आजींना तेवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मी बी लावनार."

पण साडीचं काय? आजी आयुष्यभर साडीत. पलंगावर, इस्पितळाचा झगा घालून, मुलाच्या मध्यस्थीने टिंब काढलेलं. नाडी जिथे येते तिथेच. खाली मांडी घालून बसल्या की पोटाची वळी पिशवीची कड उचलायची. आणि खुर्चीत बसून भाकरी थापता येत नाही, आजींचा ओटा खाली होता.

आता बैठकीत बोलायला मला शांतता भरायची गरज उरली नव्हती. मी, ती स्टोमा नर्स आणि बसचालक काका, तिघांनी बसून टिंब काढायला येण्याआधी रुग्णाला जातं ते पत्र नव्याने लिहिलं. काकांचा संबंध काय? त्यांना शब्द कापता येतात. माझं दीड पान होतं, त्यांनी ते सात ओळींवर आणलं. रोज घालता ते कपडे घेऊन या. घरी जसे बसता तसे इथे बसून दाखवा, जमिनीवर बसत असाल तर जमिनीवर. नमाज पढत असाल तर वाकून दाखवा. जेवायचा हात कोणता ते सांगा. भाषांतर लागलं तर घरच्या माणसाने सोबत यावं, पण भाषांतर आमचा माणूस करेल. ही शेवटची ओळ मंजूर व्हायला पाच महिने लागले. भाषांतरकाराला पैसे पडतात. बाकी सगळं एका बैठकीत झालं.

याच सुमारास मला संशोधनाच्या निधीच्या एका समितीवर बोलावलं. इथल्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेच्या योजनांत सामान्य माणसंही अर्ज वाचतात आणि मत देतात, आणि त्याचे ताशी २५ पौंड मिळण्याची तेव्हा शिफारस होती. आजाराचे पैसे? मला कसंसंच झालं. नवरा म्हणाला, "प्रोफेसर लोक काय फुकट बसतात तिथे?" पहिलाच अर्ज फार हुशार होता, रक्ताच्या तपासण्यांचा. मी त्यातल्या अवांतर खेपा मोजल्या, चौदा निघाल्या. चौदा वेळा, केमो चालू असताना, दोन बस बदलून. मी तेवढंच म्हणाले. संख्याशास्त्रज्ञाने चष्मा काढला आणि म्हणाला, यातल्या नऊ तर नेहमीच्या भेटींतच बसतील. कुणी विचारलंच नव्हतं. हॉस्पिटलच्या गटात मात्र पार्किंगचे पैसे आणि बिस्किटं. त्याबद्दल माझी तक्रार आहे आणि मी ती दरवर्षी इतिवृत्तात नोंदवते.

परकर राहिला. तो मी वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवरून आणला, पांढरा, सुती, सहा पौंडांना. सोबत जुन्यातला एक लाकडी पाट नेला. नर्सने खोलीचं दार लावून घेतलं, स्वतःच्या युनिफॉर्मवरून परकर चढवला, नाडी ओढली आणि आरशात बघून म्हणाली, "हे तर मी सगळ्यांना काढते तिथेच येतंय." मग पाटावर मांडी घालून बसायचा प्रयत्न केला, गुडघे काही टेकेनात, दोघी हसलो. तिने तिथेच बसल्या बसल्या पेन काढलं आणि परकरावरच दोन खुणा केल्या, नाडीच्या वरची आणि खालची.

खर्चाच्या अर्जात रकाने होते: प्रवास, पार्किंग, मुलांची देखभाल, इतर. मी 'इतर'मध्ये लिहिलं: परकर, एक. हिशेबनिसाचा मेल आला, ही वस्तू कोणत्या कामासाठी, कृपया खुलासा करावा. मी लिहिलं, वैद्यकीय उपकरण. त्यावर पुन्हा मेल: मग ती उपकरणांच्या नोंदवहीत चढवावी लागेल, क्रमांक लागेल.

तसा तो चढला. दाराआड खुंटीला टांगलेला असतो, नाडीला क्रमांकाची चिकटपट्टी लावलेली.